चार उपदाढा

चौदाव्या वर्षी दातांना तारा बसवायच्या म्हणून माझ्या चार उपदाढा काढल्या, सुळ्यांमागच्या एकेक. दात सरळ झाले. चाळिशीनंतर घोरणं सुरू झालं, झोपेत श्वासही अडकू लागला. काशीत ब्रह्माघाटावरच्या आमच्या मराठी वाड्यात याचं निदान तयार आहे: जबडा लहान झाला, जिभेला जागा उरली नाही, ती मागे घशात सरकली. (बिस्मिल्ला खाँ ज्या बालाजी मंदिरात रियाज करत ते जवळच, श्वासावर मत देणं इथे सगळ्यांना हक्काचं वाटतं.) ऐकायला पटतं. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात साडेपाच हजारांवर प्रौढांच्या नोंदी तपासल्या होत्या. उपदाढा असलेल्यांत आणि नसलेल्यांत झोपेतल्या श्वासरोधाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

आता अकरा वर्षांच्या लेकीला त्याच चार काढायला सांगितल्यात. सासूबाई म्हणाल्या, "तुझं झालं तेवढं पुरे." लेक रात्री तोंड उघडं टाकून झोपते. म्हणून आधी तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नाकामागची ग्रंथी वाढलेली निघाली. तिचा उपचार आधी, दाढांचं नंतर ठरवू, हे दातांच्या डॉक्टरांनाही मान्य झालं. सासूबाईंना अजून नाही.