हजेरीत न ऐकलेलं नाव

सुनेनं नातीसाठी ‘शिवना’ हे नाव सुचवलं तेव्हा मी साफ नको म्हटलं होतं. घरात माझा शब्द सहसा कुणी मोडत नाही, म्हणून विषय तिथंच थांबला. आता मीच म्हणते आहे, शिवनाच ठेवा.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. कन्नड आणि गंगापूर तालुक्यांत नोकरी झाली. वेगळ्या नावाचं पोर ‘हजर’ म्हणायला उभं राहिलं की मागच्या रांगेत खुसखुस व्हायची. म्हणून नाव चारचौघांसारखं असावं, या मताची मी. त्यात शिवना काही गंगा-यमुनेसारखी नावाजलेली नदी नव्हे. कन्नडवरून येते, लासूरला दाक्षायणी देवीच्या गावातून जाते, पुढं गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात पात्रात नुसते गोटे. नदीचंच नाव हवं तर पूर्णा ठेवा, असं मी सुचवलं.

पण मग जुने हजेरीपट आठवू लागले. खुसखुस नेमकी कुणाच्या नावाला व्हायची? दगडू, धोंडू, नकुसा. दगडू-धोंडू ही नावं तरी मूल जगावं, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. त्यामागं माया होती. नकुसाचं तसं नव्हतं. मुलगी नको होती, हे त्या पोरीला स्वतःच्याच तोंडानं जन्मभर सांगावं लागायचं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, काहींनी ती स्वतः निवडली. ती बातमी आठवली आणि माझा विरोध गळाला. ‘माझं नाव असं का?’ या प्रश्नाला पोरीला काय उत्तर मिळतं, ते मला महत्त्वाचं वाटू लागलं.

सुनेचं माहेर लासूरचं. शिवनेच्या काठी ती वाढली. नातीनं विचारलं तर तिला नदीवर नेऊन दाखवता येईल. माझ्या यादीतल्या एकाही नावाला असं उत्तर नव्हतं.

नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मनुस्मृती काढली. नदीचं नाव असलेली मुलगी करू नये, असं तीत सांगितलं आहे खरं. पण माझी आई गोदावरी, सासूबाई कृष्णाबाई. मराठवाड्यात कितीतरी घरं गंगाबाई-गोदाबाईंनीच सांभाळली. आपल्या माणसांनी तो नियम कधी मानलाच नाही, याचा मला अभिमान वाटतो.

बारशाला आत्या, म्हणजे माझी लेक, बाळाच्या कानात नाव सांगेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. म्हणजे शिवनाच्या लगेच मागे तिच्या आईचं नाव. हे मला फार आवडलं.

तुमच्या घरीही नावावरून अडलं असेल तर घाईनं नको म्हणू नका. जन्माची नोंद नावाशिवायही होते, आणि पुढं बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं.