अर्धवेळ शिपायाचं घर

शाळेच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे ‘अर्धवेळ’ असं लिहिलेलं असतं. सकाळी सात ते साडेदहा शाळा, मग घर. हे कधी कधी चेष्टेनं म्हणतात, “अर्धवेळ बाईंना पूर्णवेळ वह्या!” खोटं नाही ते. पगार अर्ध्या वेळेचा असला तरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना पाचवीतल्या त्या गप्प गप्प मुलाचा विचार काही डोक्यातून जात नाही. अर्धवेळ हा शब्द पगारापुरता खरा, माणसापुरता नाही, हे मला शाळेनं शिकवलं. पण तो शब्द जिवावरही बेतू शकतो, हे मला कळलं यंदाच्या भाऊबीजेला.

झालं असं, की माझा मामेभाऊ पुण्याहून ओवाळून घ्यायला आला. बरोबर मामा-मामीही आले. जेवणं झाली, विडे झाले. मामा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मामी आणि मी उरलेली चकली डब्यात भरत होतो, तेवढ्यात भाऊ म्हणाला, “ताई, एक सिनेमा लावतो. खराखुरा आहे, नटनट्या नाहीत. आपल्या बाबांसारख्यांचा आहे.”

बाबांसारख्यांचा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या मामांचं गावात सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या. आणि त्याच जोडीला मामा ‘टी. ए.’त होते, म्हणजे प्रादेशिक सेनेत. हिचा कायदा १९४८ सालचा, आणि सेना उभी राहिली १९४९ साली. एरवी आपापला कामधंदा सांभाळायचा, वर्षातून दोन महिने शिक्षणाला जायचं, आणि सरकारनं बोलावलं की गणवेश चढवून निघायचं. हिच्यात भरती व्हायचं तर स्वतःचं पोट भरण्याचं दुसरं साधन असावंच लागतं. कोल्हापूरला मराठा लाइट इन्फंट्रीची अशी पलटण आहे. आमच्याकडच्या बायकांना टी. ए. म्हणजे दोन महिन्यांची ब्याद वाटायची, इतकंच! मामी म्हणायची, “जातात, काटक होऊन येतात, आल्यावर आठ दिवस भाकरी मोजून खातात.”

पण २००२ साली बोलावणं आलं ते काही दोन महिन्यांचं नव्हतं. संसदेवर हल्ला झाल्यानंतरचे ते दिवस. मामा जम्मूकडे गेले, ते वर्ष उलटून गेल्यावरच परत आले. तिथलं ते काही कधी बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. मी तेव्हा आठवीत होते. मला एवढंच आठवतं, की परत आल्यावर दिवाळीत कुणी सुतळी बॉम्ब लावला की मामा उठून परसात जायचे.

आता त्या सिनेमाबद्दल. त्याचं नाव ‘द वॉर टेप्स’. २००६ साली निघाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात उत्तम माहितीपट ठरला. तो केला डेबोरा स्क्रँटन नावाच्या बाईनं. ती अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातली. तिथल्या ‘नॅशनल गार्ड’ची एक तुकडी २००४ साली इराकला निघाली होती. त्या तुकडीबरोबर जाऊन चित्रण करायची संधी तिला मिळत होती. पण बाई म्हणाली, मी येत नाही, त्यापेक्षा कॅमेरे शिपायांच्याच हातात देते. ज्यांनी हौसेनं हो म्हटलं त्यांनी ते घेतले. कुणी शिरस्त्राणावर बसवले, कुणी गाडीत काचेमागे, कुणी बंदुकीशेजारी. बाई घरी बसून इंटरनेटवरून त्यांच्याशी बोलत राहिली. शिपायांनी सुमारे ८०० तासांचं चित्रण केलं, आणि त्यातून दीड तासाचा सिनेमा निघाला.

नॅशनल गार्ड म्हणजे त्यांच्याकडची टी. ए.च म्हणा ना. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे कवायत. पूर आला, बर्फाचं वादळ झालं की राज्याच्या गव्हर्नरनं बोलवायचं. या पलटणींचं मूळ पार १६३६ सालापर्यंत जातं, गावकऱ्यांनीच बंदुका घेऊन पहारा द्यायचा त्या काळापर्यंत. तेव्हा शनिवार-रविवारचा शिपाई म्हणून नाव घातलेला माणूस एकाएकी वर्षभरासाठी इराकच्या वाळवंटात! यात तिघे जण मुख्य आहेत. एक सुतारकाम करणारा तरुण, रोजनिशी लिहिणारा. एक दोन लहान मुलांचा बाप, २००१ सालच्या न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर न राहवून पुन्हा भरती झालेला. आणि तिसरा विद्यार्थी, जन्मानं लेबनॉनचा, अरबी बोलता येणारा.

त्यांचं काम काय, तर मालाच्या ट्रकांच्या ताफ्याला सोबत करायची. तळ होता बगदादच्या उत्तरेला बलाद इथं. शत्रू समोर दिसायचा नाही. रस्त्याच्या कडेला पुरलेला बॉम्ब कधी फुटेल, याचा नेम नाही. कॅमेरा गाडीतच असल्यामुळे आपणही त्यांच्या शेजारी बसल्यासारखे होतो. सरळ रस्ता, पिवळी धूळ, चेष्टामस्करी चाललेली आणि एकदम धडाड्! पडदा हलतो, धूर होतो, शिव्या ऐकू येतात. वीरश्री नाही. मामीच्या हातातली चकली तशीच राहिली.

मामीला इंग्रजी येत नाही. मी आपली माझ्या बी. ए.ला जागून जमेल तसं सांगत होते. पण काही ठिकाणी सांगावं लागलंच नाही. त्या स्क्रँटनबाईनं एक फार शहाणपणाचं केलंय. शिपाई तिकडे स्वतः चित्रण करत होते, तेव्हा ही इकडे त्यांच्या घरी जात होती. कुणाची बायको, कुणाची मैत्रीण, कुणाची आई. त्या लेबनॉनी मुलाच्या आईला पाहिलं मात्र, आणि माझ्या पोटात कालवलं. लेबनॉनच्या यादवीतून पोरांना वाचवावं म्हणून ही बाई देश सोडून इतक्या लांब आली, आणि पोरगा आपण होऊन दुसऱ्या लढाईत गेला!

दोन मुलांची ती आई पडद्यावर बोलायला लागली, तशी मामी म्हणाली, “हिचं नको सांगूस. हिचं कळतंय मला.”

मग भावानं आणखी एका मालिकेबद्दल सांगितलं. ‘ऑफ टू वॉर’ तिचं नाव. ब्रेंट आणि क्रेग रेनॉ या दोघा भावांनी केलेली. तीही नॅशनल गार्डचीच, पण आर्कान्सा राज्यातल्या क्लार्क्सव्हिल या लहानशा गावच्या शिपायांची. हे भाऊही त्याच राज्यातले. त्यातला एक शिपाई टर्की कोंबड्या पाळणारा. तो इराकमध्ये आणि मागे कोंबड्यांचा सगळा व्याप बायकोच्या गळ्यात! या दोघा भावांपैकी ब्रेंट पुढे २०२२ साली युक्रेनमध्ये कीवजवळ इरपिन इथं चित्रण करताना गोळी लागून गेला. लढाईतल्या माणसांची घरं दाखवता दाखवता त्याच्याच घरावर ती वेळ आली.

कोंबड्यांचं ऐकून मामी हसली. म्हणाली, “माझ्या गळ्यात पंचवीस सायकली होत्या.” आणि मग ती सांगायला लागली. मामा गेल्यावर चार दिवस दुकान बंद ठेवलं. पाचव्या दिवशी गल्लीतल्या एका पोराला हाताशी धरून तिनं कुलूप काढलं. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायची, बुडबुडे आले की खूण करायची, पॉलिश पेपरनं घासायचं, सोल्युशन लावून ठिगळ दाबायचं. दुपारी भाकऱ्या, संध्याकाळी सायकली मोजून आत घ्यायच्या. “बोटांना वास यायचा सोल्युशनचा. पीठ मळताना मलाच नको वाटायचं. पण हे आल्यावर मी किल्ली हातात दिली आणि पुन्हा चुलीपाशी गेले. त्यांनीही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते तिथलं सांगत नाहीत, मग मी इथलं रडगाणं कशाला सांगू?”

वीस वर्षांवर झाली या गोष्टीला. पोटच्या पोरानंही हे पहिल्यांदाच ऐकलं!

सिनेमा तसाच चालू होता. त्यात एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, ताफा भरधाव चाललेला. एक इराकी बाई रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडते. लढाई नाही, हल्ला नाही, नुसता अंधार. तो प्रसंग त्या पोरांच्या मनातून काही केल्या जात नाही. मला मात्र वाटलं, शिपायाच्या हातातला कॅमेरा शिपाई जिकडे बघतो तिकडेच बघणार. शिपायांच्या घरी तरी कुणी कॅमेरा घेऊन गेलं, त्या बाईच्या घरी कोण जाणार? तिचीही कुणी वाट बघत असेल, चुलीवर काही ठेवून आली असेल. हे त्या सिनेमाचं उणं म्हणा, पण त्यानं ते लपवलं नाही, हेही खरं.

मी हे बोलत होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “गाडी थांबवायची नसते.”

दारात मामा उभे होते. कधीचे उभे होते कोण जाणे.

कुणीच काही बोललं नाही. भावानं सिनेमा बंद करायला हात पुढे केला, तर मामा म्हणाले, “राहू दे.” आणि चौकटीला टेकून तसेच बघत राहिले. मग मामीनं, आमच्या मामीनं, जिनं आयुष्यात नवऱ्याला उलट प्रश्न केला नसेल, तिनं विचारलं, “अहो, तुम्ही कुठं बसायचात? पुढच्या गाडीत, का मागच्या?”

केवढासा तो प्रश्न! भीती वाटली का, माणसं मेली का, असलं काही नाही. फक्त कुठं बसायचात. पण मामा आत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, “पुढच्या.” आणि सांगायला लागले.

काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. ते मामीचं आहे. थोडा वेळ ऐकून मी चहा टाकायच्या निमित्तानं उठले, भावालाही खुणेनं बाहेर बोलावलं. चहा दोनदा गरम केला, तरी आतलं बोलणं चालूच होतं. एकदा मामीचा आवाज आला, “आणि मी इथं पंक्चर काढत होते!” आणि त्यावर मामांचं हसू. ते हसू मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर विचार करत होते. शिपाई अर्धवेळ असेल, पण बॉम्ब काही अर्धवेळ फुटत नाही. कायम फौजेतल्या माणसाला छावणीत त्याच्यासारखी चार माणसं तरी भेटतात. हा मात्र परत येतो तो सरळ सायकलच्या दुकानात, नाहीतर सुताराच्या पटाशीपाशी. गिऱ्हाईक विचारतं, “बरेच दिवस दिसला नाहीत?” त्याला काय उत्तर द्यायचं? त्या अमेरिकन पोरांच्या हातात कॅमेरा होता. जे घरी सांगता आलं नाही, ते कॅमेऱ्यानं सांगितलं. आमच्या मामांपाशी कॅमेरा नव्हता. त्यांना विचारणारं माणूस हवं होतं. आणि ते माणूस एवढी वर्षं त्याच घरात, आपल्यालाही कुणी विचारावं म्हणून वाट बघत होतं.

मैत्रिणींनो, लढाईवर जाऊन आलेला माणूस प्रत्येकीच्या घरी नसतो. पण रात्रपाळी करणारा, दूर नोकरीला राहून आलेला, आजारपणातून उठलेला असा कुणीतरी असतोच, ज्याचं आपण ‘बोलत नाहीत ते’ म्हणून सोडून दिलेलं असतं. मोठा प्रश्न विचारू नका. चारचौघांत तर नकोच नको. कुठं बसायचात, जेवायला काय असायचं, पाणी कुठून आणायचात, असलं आपल्या रोजच्यातलं काहीतरी विचारून बघा. आणि आपलंही सांगा. आपण सोसलेलं सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे.

दुसऱ्या दिवशी निघताना मामीनं माझ्या हातात डबा दिला आणि हळूच म्हणाली, “त्या पोराच्या आईचं पुढं काय झालं गं? त्या परदेशातून आलेल्या बाईचं?”

म्हटलं, “मुलगा सुखरूप परत आला तिचा.”

“बोलला का तिच्याशी?” मामीनं विचारलं.