वाफसा

आमची मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून मळ्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहायला लागल्या होत्या. पण चाळीस वर्षांमागं मांजरी म्हटलं की हडपसरच्या मंडईतल्या माणसाला आधी पालेभाजी आठवायची. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला कालवा आणि मधे काळी रानं. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक. दिवस उगवायच्या आत जुड्यांनी भरलेल्या गाड्या सोलापूर रस्त्याला लागलेल्या असायच्या.

आमची जमीन दीड एकर. १९८४ च्या पावसाळ्यात आप्पांची पाठ धरली, ती सुटलीच नाही. मी नुकतीच बारावी झाले होते आणि धाकटे दोघं भाऊ शाळेत होते. रान वाट्यानं दिलं. घरात रोजचा पैसा यावा म्हणून मी कामाला निघाले. नदीकडच्या वाटेवर कॅथलिक सिस्टरांचं एक लहानसं घर होतं. पाच जणी राहायच्या. घरामागं पाऊण एकराची वाडी होती आणि तिथं खुरपायला बाई पाहिजे होती.

चुलती आईला म्हणाली, "बाटवतील गं तुझ्या पोरीला."

आप्पा बाजेवरूनच बोलले, "माळ माझ्या गळ्यात हाय, इठ्ठल तिच्या मनात हाय. त्यो काय खुरप्यानं निघतोय व्हय? जाऊ दे तिला."

मला सलत होतं ते निराळंच. शिकलेल्या पोरीनं दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जायचं, म्हणजे कमीपणा. शिवाय शेतकाम मला लहानपणापासून शिक्षाच वाटायचं. वाफ्यात बसलं की नजर वाफ्यावर कमी आणि सूर्यावर जास्त. कधी मावळतोय एकदाचा!

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, त्या पडवीत बसून काम सांगतील. पण मी पोचायच्या आधीच तिघी जणी रानात होत्या. पांढरे झगे गुडघ्यापर्यंत खोचलेले, डोक्याला जुनी फडकी, पायात रबरी चपला. एक जण शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन चालली होती, आणि दुपारी कळलं की त्याच त्यांच्या मदर, सगळ्यांच्या वरच्या! आमच्याकडं पाटलीणबाई शेणाला हात लावत नसत. मी नुसती बघत राहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे, रानात कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडं खुरपणी म्हणजे गावाच्या बातम्या. कुणाची सून नांदत नाही, कुणाची म्हैस आटली, सगळं वाफ्यातच समजायचं. इथं नुसता खुरप्याचा आवाज, आणि नदीकडून टिटवीचा. दोन दिवसांत माझा जीव कोंडला.

सगळ्यात थोरल्या सिस्टर वसईकडच्या होत्या. माहेरची केळीची आणि पानवेलीची वाडी. मराठी आमच्यापेक्षा वेगळ्या हेलाची, पण मातीचं त्यांना सगळं समजायचं. पाणी दिल्यावर त्या मूठभर माती उचलून दाबायच्या. चिखल झाला तर नाही, भुगा झाला तर नाही. गोळा होऊन बोटानं फुटला की म्हणायच्या, "आता वाफसा आला. आता हात घाल." आप्पाही असंच करायचे. ते बघून मला त्या बाईविषयी पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

न राहवून मी एकदा विचारलं, "सिस्टर, तुम्हाला या कामाचा कंटाळा नाही येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "आला की त्याला शेजारी बसव. तो बसेल, तू लव्हाळा काढ."

लव्हाळ्याचं ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजेल. वरून ओढला की पात हातात येते आणि गाठ खाली राहते. आठ दिवसांत परत उभा. गाठीपर्यंत खुरपं घालून, एकेक करून तो काढावा लागतो. घाई करणाऱ्याचं काम नाही ते.

त्यांनीच मला पुढं एक गोष्ट सांगितली. त्या संघात आल्या तेव्हा सिस्टरांमध्येही दोन थर असत. एक शिकलेल्या घरच्या, त्या लॅटिनमधल्या मोठ्या प्रार्थना म्हणत. दुसऱ्या स्वयंपाक, धुणं, गोठा, वाडी बघत. या दुसऱ्यांतल्या. रोममध्ये १९६२ ते १९६५ अशी मोठी धर्मपरिषद भरली, व्हॅटिकनची दुसरी. तिच्यानंतर हा भेद मोडला. "म्हणजे आमच्यातही होती जात," त्या हसून म्हणाल्या. "पण मी वीस वर्षं माती उकरताना जे मिळवलं, ते मला कुणी खालचं म्हणून दिलं नव्हतं आणि वरचं म्हणून काढूनही घेतलं नाही."

संध्याकाळी काम उरकलं की खुरपी, कुदळी, पाट्या हौदावर नेऊन धुवायच्या, पुसायच्या आणि खुंटीला लावायच्या. मला ही जास्तीची कटकट वाटायची. मग समजलं, सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाच्या संतानं मठात राहणाऱ्यांसाठी नियम लिहिले. त्यात त्यानं सांगितलंय की मठातली अवजारं, भांडीकुंडी ही वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत. देवाचा पेला आणि रानातलं खुरपं एकाच मोलाचं! घरी हे सांगितल्यावर आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपला सावता माळी तरी दुसरं काय सांगत हुता?"

खरंच होतं. अरणचा सावता माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही, त्याचा विठ्ठल मळ्यातच. म्हणून तर आजही विठ्ठलाची पालखी अरणला त्याच्या भेटीला जाते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ती कीर्तनातली गोष्ट होती, आपल्या वाफ्यातली नव्हती.

त्या हिवाळ्यातली एक सकाळ आहे. कोथिंबिरीवर दव होतं, बोटं गारठली होती. मी खाली मान घालून खुरपत होते. लव्हाळ्याची गाठ, माती झटकायची, पुढची गाठ. कधीतरी हातच काम करायला लागले आणि डोक्यातली घराची काळजी, लोक काय म्हणतील ते, सगळं निवत गेलं. घंटा वाजली तेव्हा दचकले. रोज सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला त्यांची घंटा व्हायची. देवदूतानं मरियेला निरोप दिला, त्याची ही प्रार्थना. सिस्टर असतील तिथं, मातीच्या हातांनी उभ्या राहायच्या. बारा वाजले होते आणि मी सूर्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. माझ्यामागं सात वाफे स्वच्छ पडले होते. त्यांची प्रार्थना मला येत नव्हती. मी मनात 'विठ्ठल विठ्ठल' म्हटलं आणि त्यांच्याबरोबर उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, पण दुःखाचं नव्हतं. भजनात मध्यरात्री आप्पांचा चेहरा जसा व्हायचा, तसं काहीतरी आत झालं होतं.

घरी मात्र आप्पा खचत चालले होते. "मी आता दारातला धोंडा," म्हणायचे. जेवणसुद्धा कमी केलं होतं. एकदा आईनं रडत हे वाडीवर येऊन सांगितलं. थोरल्या सिस्टरांनी ऐकून घेतलं, धीराचा एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र उपटलेल्या मेथीचं गाठोडं आणि भिजवलेल्या केळीच्या सोपटाचा भारा माझ्या डोक्यावर दिला. "आप्पांना सांग, जुड्या बांधायला आमच्याकडं माणूस नाही. शेकड्यावर पैसे देऊ."

आप्पा आधी चिडले. मग उशी पाठीशी घेऊन बसले. पहिली जुडी सैल झाली, ती सोडून परत बांधली. दहाव्या-बाराव्या जुडीला हात बसला. कंदिलाच्या उजेडात सोपटाला पीळ देता देता ते हळू आवाजात अभंग म्हणायला लागले. सहा महिन्यांत घरात अभंग ऐकू आला नव्हता. आई चुलीपुढंच बसून राहिली, भाकरी करपली तरी उठली नाही.

पुढं तीन वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, त्या वाडीची जुडी आप्पांच्या हातची जायची. मंडईतले लोक केळीच्या सोपटावरून ती ओळखायचे.

मी थेऊरकडं दिली गेले. आयुष्यभर रानातच राबले. कधी माल कवडीमोल गेला, कधी गारपिटीनं झोपवला. कामात रोज आनंद मिळतो असं मी कुणाला सांगणार नाही. कितीतरी दिवस नुसती कंबर दुखते. पण मधेच एखाद्या सकाळी वाफसा येतो, मातीला येतो तसा माणसालाही. तेव्हा हात घालायचा.