सायकलबंदीचा फलक लावण्याआधी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या ग्रिम्स्बीत व्हिक्टोरिया स्ट्रीट हा बाजारपेठेचा रस्ता पादचाऱ्यांसाठी राखलेला आहे. तिथे स्थानिक काउन्सिलने सायकल चालवण्यावरही बंदी आणली आणि मोडणाऱ्याला दंड लावला. दक्षिणेला बोर्नमथने वेगळी वाट धरली. तिथल्या समुद्रकाठच्या फरसबंद रस्त्यावर पादचारी आणि सायकलस्वार एकत्र असतात. गर्दीच्या जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी 10 ते संध्याकाळी 6 सायकल बंद, एरवी ताशी 10 मैलांची मर्यादा. रस्तेरचनेच्या दृष्टीने पाहता मला बोर्नमथची पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण तिथला नियम गर्दी आणि वेग पाहतो.

भांडण जुनंच आहे. 1835 च्या कायद्याने रस्त्याकडेच्या फुटपाथवर गाडी हाकायला मनाई केली आणि 1888 मध्ये सायकलीही त्या मनाईखाली आल्या. 1968 मध्ये घोडेस्वारांच्या पायवाटा सायकलींना खुल्या झाल्या, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट देण्याच्या अटीवर. 1984 च्या कायद्याने पायवाटांचं सायकल-मार्गात रूपांतर करणं सोपं झालं. इथून पुढे अनेक काउन्सिलांनी स्वस्तातला उपाय शोधला. मोटारींची जागा कमी करण्याऐवजी आहे त्याच फुटपाथवर पांढरी रेघ ओढायची आणि निळा फलक ठोकायचा!

या स्वस्ताईची किंमत कोण मोजतं? सर्वात आधी अंध व्यक्ती. रेघेच्या दोन बाजू पायाला कळाव्यात म्हणून अशा मार्गावर उंचवटे असलेल्या फरशा बसवतात: पादचाऱ्यांच्या बाजूला आडव्या पट्ट्या, सायकलच्या बाजूला उभ्या. पण मागून येणारी सायकल जवळपास आवाज करत नाही, आणि मार्गच अरुंद असेल तर फरशी काय करणार? 2020 च्या सरकारी रचना-मार्गदर्शिकेने सामायिक मार्गाला तासाला 300 सायकलींपर्यंत किमान 3 मीटर रुंदी सांगितली, त्याहून जास्त असतील तर साडेचार मीटर. शहरी रस्त्यांवर सायकल ही वाहन समजावी आणि पादचाऱ्यांपासून वेगळी ठेवावी, असंही तीत स्पष्ट म्हटलं आहे. जुने कितीतरी मार्ग या मापात बसत नाहीत. तक्रारी येतात त्या तिथूनच.

तक्रारींवर काउन्सिलांच्या हाती 2014 च्या समाजविघातक वर्तनविषयक कायद्याने दिलेला 'पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर' असतो. त्रास सततचा आहे आणि त्याने लोकांचं जगणं बिघडतं आहे, असं दिसलं की काउन्सिल तीन वर्षांपर्यंतचा आदेश काढू शकते. जागेवरच 100 पौंडांपर्यंत दंड, न्यायालयात गेलं तर 1000 पौंडांपर्यंत. ग्रिम्स्बीप्रमाणे पीटरबरोच्या ब्रिज स्ट्रीटवरही सायकलबंदीचा असाच आदेश आला.

मला यात खरा अन्याय दिसतो तो असा: दंड बसतो तो हाक मारल्यावर थांबणाऱ्याला. बेकायदा ताकद वाढवलेल्या विजेच्या सायकलीवरून सुसाट जाणारा थांबतच नाही, आणि पायी फिरणारा अंमलबजावणी कर्मचारी त्याचा पाठलाग करू शकत नाही. सापडते ती बाजाराची पिशवी अडकवून सावकाश निघालेली बाई. काही अपंगांना चालण्यापेक्षा सायकल सोपी जाते. 'व्हील्स फॉर वेलबीइंग' ही लंडनची संस्था सायकलला गतिशीलतेचं साधन मानावं यासाठी झगडते आहे. सरसकट बंदीत अशा अपंगांना 'उतरून ढकला' म्हणणं म्हणजे त्यांच्यासाठी बाजार बंद करणंच. शिवाय धोकादायक आणि बेपर्वा सायकल चालवणं हे 1988 च्या वाहतूक कायद्याने गुन्हेच आहेत. 1999 मध्ये फुटपाथवरच्या सायकलींसाठी जागच्या जागी दंड आला, तेव्हा गृहखात्याचे मंत्री पॉल बोटेंग यांनीच सांगितलं होतं की वाहतुकीच्या भीतीने कधी फुटपाथवर येणाऱ्या जबाबदार सायकलस्वारावर याचा रोख नाही.

आदेश निघाल्यावर उच्च न्यायालयात आव्हान द्यायला सहाच आठवडे मिळतात, आणि तो खर्च सामान्य माणसाला झेपत नाही. म्हणून मसुदा चर्चेला येतो तेव्हाच रहिवाशांनी विचारावं: मार्ग किती रुंद आहे, गर्दी कोणत्या तासांत होते, अपंगांना सूट लिहिली आहे का, आणि सायकलला शेजारच्या रस्त्यावर सुरक्षित जागा कधी देणार?