रन, रॅन, रन

आमच्या वेळी इंग्रजी भेटायची पाचवीत, आणि तिची क्रियापदं तिघातिघांच्या टोळीनं यायची. गो-वेन्ट-गॉन, ईट-एट-ईटन. मधल्या सुट्टीतला डबा पोटात, डोळे जड, आणि सगळा वर्ग एका सुरात घोकतोय. त्यात 'रन-रॅन-रन' माझं लाडकं. तिसरं रूप फिरून पहिल्याच्याच घरी यायचं, पाठांतरात तेवढीच बचत! अर्थ एकच : धावणे. वहीच्या समासात लिहिला की विषय संपला.

तो संपला नव्हता, हे आठवीत भाषांतराच्या तासाला कळलं. 'शी रन्स अ स्कूल' याचं मी फळ्यावर 'ती शाळा पळवते' असं करून ठेवलं. सरांनी शांतपणे विचारलं, "कुठं पळवते रे? मलाही घेऊन जा म्हणावं." हशा ओसरल्यावर त्यांनी जे सांगितलं ते अजून डोक्यात आहे. साहेबाचं नाक धावतं, आपलं वाहतं. त्याचा रस्ता धावतो, आपला जातो. त्याचं यंत्र धावतं, आपलं चालतं. दुकान, धंदा, संसार, घड्याळ, सगळं आपल्याकडे चालतच असतं. घाई कुणालाच नाही. क्रिकेटपुरतं मात्र दोघांचं जमलं आणि रनची सरळ धाव झाली. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकताना ती कधी परकी वाटली नाही.

पुढे कधीतरी वाचलं, की 1989च्या ऑक्सफर्ड कोशात सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती, सुमारे 430 अर्थांची. नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'नं तिला मागं टाकलं : क्रियापदाचेच 645 अर्थ. पीटर गिलिव्हर या संपादकाला त्यासाठी नऊ महिने लागले. (म्हणजे अगदी दिवस भरूनच बाळंतपण झालं.) माझ्या समासात मावला होता तो त्यातला एक.

नव्वदीच्या दशकात कंप्यूटर क्लास लावला. चपला बाहेर काढून एसीच्या गारठ्यात शिरायचं. बेसिकच्या चार ओळी टाइप केल्या आणि शिक्षिका म्हणाल्या, आता 'रन' लिहून एंटर दाबा. मी दाबलं, आणि पडद्यावर काहीतरी पळेल म्हणून वाट बघत बसलो. उमटलं माझंच नाव, जागच्या जागी.

2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीलाच आली. सातवीतल्या माझ्या नातीनं ती तीन रूपं कधी घोकली नाहीत. "रन म्हणजे काय गं?" विचारलं तर म्हणते, "रन म्हणजे रन, आजोबा." कोड रन करायचा, ॲप रन होत नाही. पुढे करणे-होणे जोडलं की काम भागतं. यानं मराठी बुडेल असं मला वाटत नाही. पण नाकाला एक, रस्त्याला दुसरं, शाळेला तिसरं क्रियापद शोधताना व्हायची ती फजिती तिच्या वाट्याला आली नाही, याची चुटपुट लागते. शाळा पळवायची सोयच उरली नाही.

परवा संध्याकाळभर तिची आतल्या खोलीतून कुरकुर सुरू होती, "रन होईना, रन होईना." कुठला तरी कंस राहून गेला होता म्हणे. साडेआठला एकदम आरोळी आली,

"आजोबा, चाललं!"