दाव्यापासून सुरुवात कर

ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी
रंगपंचमी

चि. सौ. ताईस,


तुम्ही गावातलं घर सोडून शेतातल्या आखाड्यावर राहायला गेलात, हे कळल्यापासून एकच काळजी मनात आहे. ज्वारी, हरभरा निघाला. आता रानात पिकापेक्षा वाळकंच जास्त: कडबा, पऱ्हाटी, तुराट्या, उसाचं पाचट. मृग बरसेपर्यंत हे दिवस आगीचे.

आपल्याकडं जंगल नावालाच. पण वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ धरतं आणि जाळरेषा काढतं, म्हणजे पेटण्यासारखं काही न ठेवलेला पट्टा. आखाड्याभोवती तसा पट्टा जावईबापूंना वखरून घ्यायला सांग. उघड्या मातीवर आग सरकत नाही. ठिणगी मात्र वाऱ्यावर उडते, म्हणून कडब्याची गंज गोठ्याला लागून रचू नका. विजेच्या तारेखाली तर नकोच. वाऱ्यात लोंबत्या तारा एकमेकींना लागतात आणि ठिणग्या खाली पडतात. तशी तार दिसली तर महावितरणच्या 1912 वर तक्रार नोंदवा.

तू पाळण्यात होतीस तेव्हा शेजारच्या धुऱ्याची आग आपल्या गोठ्यावर आली. तुला घेऊन तुझी आई बाहेर पळाली. मी गाईकडं धावलो. तिनं दावं ओढून ओढून गाठ इतकी आवळली होती, की माझ्या हातानं ती सुटेना, आणि विळा घरात. गाय गेली. ताई, माणूस पळू शकतो. बांधलेलं जनावर आपल्या भरवशावर उभं असतं. म्हणून तयारी दाव्यापासून सुरू कर. एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मार, गोठ्याच्या दाराशी बाहेरून विळा खोचून ठेव, दुपारी जनावरं झाडाखाली बांध.

मोटारीवर विसंबू नका. आग लागली की आधी वीज बंद करावी लागते, मग मोटार कुठली? हौद भरलेला असू दे, बादल्या आणि पोती जवळ. चुलीतला विस्तव पाण्यानं विझवल्याशिवाय राख उकिरड्यावर टाकू नकोस. सातबारा, पासबुकं एका पेटीत घाल. सासूबाईंना कोण धरणार, लेकरांना कोण, हे आजच ठरवा. आग मोठी दिसली तर 112 ला फोन करून बाहेर पडा. गंज पुन्हा रचता येते. कुणी भाजलं तर हळद लावू नका, 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा आणि दवाखाना गाठा.

शेवटचं, पण सगळ्यात अवघड. शेजाऱ्यांकडं जाऊन या, आणि यंदा धुरे पेटवू नका, पाचट रानातच कुजवा, असं हात जोडून सांगा. तेव्हा स्वतःचा धुरा पेटवणारा तो शेजारीही भला होता. वारा फिरेल हे त्याच्या ध्यानात आलं नाही, इतकंच. त्या रात्री तो आमच्यापेक्षा जास्त रडला.

अंबाडीची चार दावी वळून ठेवली आहेत, विळ्याला धार लावून आणली आहे. इकडं कुणी येणार असेल तर कळव. नाहीतर मीच घेऊन येतो.

तुझा,
बाबा