भाषेचा रकाना एकच

माझ्या धाकट्या भावाचा बँड दोन माणसांचा आहे, आणि त्यातलं एक माणूस जूनपासून पुण्यात राहतं. म्हणजे मनीषनगरात, आमच्या घराच्या वरच्या खोलीत, सध्या अर्धाच बँड आहे. आईला तर पूर्ण बँडही कधी बँड वाटला नव्हता. तिच्या लेखी बँड म्हणजे वरातीतला. लाल कोट, पितळी वाद्यं, पुढे नाचणारे पोट्टे. इथे एक लॅपटॉप, हातभर लांबीचा कीबोर्ड आणि कानाला हेडफोन लावून बसलेला मुलगा. "वाजवून ऱ्हायला म्हणते, अन् ऐकू त काहीच येत नाही," असं ती शेजारी सांगते.

गाणारी त्याची कॉलेजातली मैत्रीण. गाणी इलेक्ट्रॉनिक पॉप म्हणावीत अशी. ठेका यंत्राचा, सूर सिंथचे, वर तिचा न सजवलेला आवाज. एक कडवं मराठी, पुढचं हिंदी. तो मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे, तिला पुण्यात नोकरी लागली. आणि आता त्यालाही कंपनीने बढती देऊ केली आहे, हैदराबादला. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तेव्हापासून आईने एकच प्रश्न लावून धरलाय : "हे किती दिवस?"

हे म्हणजे नोकरी नव्हे, हे म्हणजे गाणं. आमच्याकडे हा प्रश्न नोकरीला कुणी विचारत नाही.

या गाण्यांमागे कष्ट किती आहेत ते मी खालच्या मजल्यावरून पाहिलं आहे. वर्धा रोड आणि मनीषनगर यांच्या मधून रेल्वेलाइन जाते. मुंबईकडच्या आणि चेन्नईकडच्या दोन्ही गाड्या इथूनच. फाटकावरची जुनी कोंडी उड्डाणपूल आणि भुयारी रस्ता झाल्यावर कमी झाली, पण गाड्यांचे भोंगे तेच राहिले. दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत एक कडवं उरकायचं, हा त्यांचा रियाज. मे महिन्यात कूलरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडकीला गादी लावलेली. नागपूरच्या उन्हाळ्यात हे करून पाहावं, मग कळतं की ही हौस वाटते तेवढी स्वस्त नाही.

दोन भाषांचं मात्र त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही. आमच्या घरात मराठी आणि गेटच्या बाहेर हिंदी. भाजीवाला मराठी, आम्ही मराठी, तरी "भैया, कैसे दिये?" हे आपोआप तोंडातून निघतं, मग तो फोनवर बायकोशी वऱ्हाडीत बोलायला लागला की दोघंही हसतो. पुण्या-मुंबईचे लोक याला भेसळ म्हणतात. पण १९५६पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि त्या राज्यात हिंदी-मराठी दोन्ही राजभाषा होत्या. नंतर आम्ही मुंबई राज्यात गेलो. त्या राज्याचं नावच लोकांनी 'द्विभाषिक' पाडलं होतं, तिथे जोडीला गुजराती आली. १९६०मध्ये ते द्विभाषिक मोडलं. नागपूरच्या जिभेने मात्र आपलं जुनं द्विभाषिक मोडलं नाही. माझा भाऊ यंत्रावर जे करतो, ते आमचे आजोबा पानठेल्यावर उभं राहून करत होते.

पैसा गाण्यातून येतो, पण त्याच्या गाण्यांतून नाही. लग्नाच्या संगीतासाठी गाणी जोडून देणं, एका कोचिंग क्लासची जाहिरात, निवडणुकीत प्रचाराच्या ऑटोवर वाजणारी गाणी. एकदा त्याने एकाच वॉर्डातल्या दोन विरोधी उमेदवारांची गाणी केली, ठेका थोडा बदलून. दोघांनाही एक मराठीत हवं होतं, एक हिंदीत. कॅफेवाले बोलावतात, पण त्यांना लोकांच्या ओळखीची गाणी हवी असतात. स्वतःचं एखादं मधे घुसवायचं असेल तर जेवण टेबलावर आलेलं असताना घुसवायचं, हे त्या दोघांनी अनुभवाने शिकून घेतलं.

आईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी लोकांच्या आयुष्यांकडे पाहायला लागले. मुंबईच्या पेंटाग्राम या बँडकडे आधी पाहिलं. रॉक आणि इलेक्ट्रॉनिक यांची सांगड घालणारा, इंग्रजीत गाणारा हा बँड १९९४चा. त्याचा गायक विशाल ददलानी म्हणजे विशाल-शेखर जोडीतला विशाल. २००७मध्ये 'ओम शांती ओम' आला, त्याच वर्षी पेंटाग्रामचाही अल्बम आला. २०११मध्ये 'रा.वन', आणि त्याच वर्षी बँडचा पुढचा अल्बम, नाव 'ब्लडीवूड'. ज्या धंद्यावर घर चालतं त्यालाच कोपरखळी. एकाच माणसाच्या या दोन भाषा होत्या. एक हिंदी आणि दुसरी इंग्रजी हे खरंच, पण एक पोटाची आणि दुसरी हट्टाची, हे जास्त खरं.

त्याच बँडचा गिटारवादक रँडॉल्फ कोरिया याने मोनिका डोग्रासोबत 'शायर अँड फंक' ही दोघांचीच इलेक्ट्रॉनिक जोडी काढली. पहिला अल्बम २००७चा. मोनिका अमेरिकेत वाढलेली, डोग्रा कुटुंबातली. पुढे ती किरण रावच्या 'धोबी घाट'मध्ये मोठ्या भूमिकेत दिसली. मी हे भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे दोन माणसांचा बँड चालते. फक्त दोघांनाही दुसरं काही तरी यायला पाहिजे."

सगळ्यात जास्त मी थांबले ती चरणजित सिंग यांच्यापाशी. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे हे कलाकार. १९८२मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची नवी यंत्रं घेऊन दहा रागांचा एक डिस्को अल्बम केला. कुणी फारशी दखल घेतली नाही. ती पुन्हा प्रकाशित झाली २०१०मध्ये, आणि युरोपातल्या लोकांना धक्का बसला. ज्या 'ॲसिड हाऊस'चा जन्म ते शिकागोत मानत होते, त्याच्यासारखं काही मुंबईत काही वर्षं आधीच वाजून गेलं होतं. हे किती दिवस? अठ्ठावीस वर्षं. मधल्या काळात माणूस काही तरी खात होता, बिलं भरत होता, वाजवत होता. २०१५मध्ये ते गेले. सुदैवाने टाळ्या ऐकून गेले. प्रत्येकाच्या वाट्याला अशी अठ्ठावीस वर्षं येत नाहीत. 'स्वदेसी' या मुंबईच्या बहुभाषिक चमूतला तोडफोड, गुजरातीत रॅप करणारा, २०२२मध्ये चोविसाव्या वर्षी गेला.

या 'स्वदेसी'मध्येच आमच्या शेजारच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आहे. तो स्वतःचं नाव आकडा आणि इंग्रजी अक्षरं वापरून '१०० आरबीएच' असं लिहितो. हे नाव मराठीत वाचलं तर शंभर आरबीएच, काहीच अर्थ नाही. आकडा हिंदीत वाचला की सौ, आणि पुढच्या अक्षरांनी रभ. मराठी मुलाचं नाव, हिंदी आकड्यावर उभं, इंग्रजी अक्षरांत. विदर्भाची भाषिक स्थिती मला कुठल्याही लेखात इतक्या थोडक्यात सापडलेली नाही.

आणि मग 'तांबडी चामडी'. २०२४मध्ये क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचं हे गाणं वाजायला लागलं, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते घेतलं. आमच्याकडे गणपतीत वाजलं, लग्नात वाजलं, जिममध्येही वाजलं. क्रेटेक्स या प्रकाराला 'एम-हाऊस' म्हणतो, एम म्हणजे मराठी. भाऊ दोन दिवस खूश होता, तिसऱ्या दिवशी गप्प झाला. "आता सगळे म्हणतील पूर्ण मराठीच कर," तो म्हणाला. "अर्धं हिंदी कशाला?" आजवर कॅफेवाला पूर्ण हिंदी मागायचा, आता मित्र पूर्ण मराठी मागू लागले. अर्धं-अर्धं कुणीच मागत नाही, आणि आम्ही बोलतो तसंच.

गेल्या महिन्यात त्यांचं नवं गाणं पूर्ण झालं. आवाज पुण्यात भरला, कपाटात ओढण्यांच्या मधे माइक ठेवून. फाइल इथे आली. भाऊ स्वयंपाकघरात फोनवर ऐकत होता. मराठी कडव्यात 'शेत' शब्द होता. आई दर्यापूरकडची. पोळी लाटता लाटता म्हणाली, "शेत कुठून आणलं रे? आपण वावर म्हणतो." त्याने मात्रा मोजल्या, तीनच होत्या, एक वाढत होती. ठेका किंचित मागे ओढला आणि पुण्याला निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी 'वावर' भरून आलं.

मग गाणं चढवायची वेळ आली. त्या संकेतस्थळाच्या फॉर्मात कलाकाराचं नाव, संगीतकार, गीतकार, आणि भाषा. भाषेचा रकाना एकच. दोन निवडता येत नाहीत. तो बराच वेळ यादी खालीवर करत बसला. मी म्हटलं, कडवी मोज. मोजली तर दोन-दोन निघाली.

आई मागे उभी होती. "मराठी टाक," ती म्हणाली. "हिंदीवाले तसेही ऐकतात."

त्याने टाकलं. मग हैदराबादच्या मेलला उत्तर लिहिलं : येतो. आईने त्या दिवशी 'हे किती दिवस' विचारलं नाही. विचारलं ते इतकंच की हैदराबादला कूलर लागतो का, आणि तो कीबोर्ड गाडीत वर टाकायचा की मांडीवर घ्यायचा. जानेवारीपासून या बँडचं नागपुरात कुणीच नसेल. एक पुण्यात, एक हैदराबादेत. मधे एक फाइल फिरत राहील, आणि तिच्यात एक वावर असेल.